टाळी कुठे द्यायची?

"पण त्या लोकांना कसं कळलं, आत्ता टाळ्या वाजवायच्या ते?"

वहिनीनं हे विचारलं तेव्हा गाणं निम्मंही झालं नव्हतं. गाणं आपलं म्हणायचं. गायला कुणीच नव्हतं. एक टेनर सॅक्सोफोन, एक पियानो आणि मागे कोपनहेगनच्या एका क्लबातली माणसं. सॅक्सोफोन थांबला, टाळ्या पडल्या, भिडेखातर वहिनीनंही दोन वाजवल्या, आणि पियानो आपला चालूच. 'सावधान' व्हायच्या आधीच मूठभर अक्षता टाकून मोकळ्या झालेल्या पाहुण्यासारखा तिचा चेहरा झाला.

महिन्यातल्या एका रविवारी आमच्याकडे ऐकायची बैठक असते. चारसहा डोकी, चहा, आणि ज्याची पाळी असेल त्यानं आणलेलं काहीतरी. वाजत असताना बोलायचं नाही असा नियम आहे, तो पहिल्या दहा मिनिटांत मोडतो. गेल्या खेपेला माझी पाळी होती. काका होते, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, सवाई गंधर्वला वर्षानुवर्षं भारतीय बैठकीत मांडी घालून बसणारे. वहिनी होती, जिला शब्द नसलेलं संगीत म्हणजे मीठ नसलेली आमटी वाटते. तबला शिकणारा माझा भाचा होता. आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंचे वडील पहिल्यांदाच आले होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मिरजेहून आलेले. त्यांनी हयात बँडमध्ये काढली, आधी क्लॅरिनेट, मग सॅक्सोफोन. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. "बाबांना इथं करमत नाही, बसू दे तुमच्यात," म्हणून त्या सोडून गेल्या. मास्तर डोळ्यांवर हिरवा गॉगल लावून दाराजवळच्या खुर्चीत बसले. नको म्हटलं तरी तिथेच.

मी आणलं होतं 'पीपल टाइम'. जॅझ. स्टॅन गेट्झचा सॅक्सोफोन आणि केनी बॅरनचा पियानो. नव्वदीच्या दशकात काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून घेतलेल्या दोन सीड्या. ते दुकान २०१६ साली बंद झालं, सीड्या अजून वाजतात. ३ ते ६ मार्च १९९१, अशा चार रात्री कोपनहेगनच्या काफे मोंमार्त्रमध्ये हे दोघे वाजवत होते. गेट्झ ६४ वर्षांचा, बॅरन ४७चा. दोघंही मूळचे फिलाडेल्फियाचे. बास नाही, ड्रम नाहीत. एवढंच मी सांगितलं. आणखी एक गोष्ट होती, ती मुद्दाम राखून ठेवली.

पहिला अस्वस्थ झाला तो भाचा. बोटं मांडीवर चालली होती, पण चेहऱ्यावर रस्ता चुकल्याचा भाव.

"मावशी, सम कुठेय याची?"

तेव्हा वाजत होतं 'सॉफ्टली, ॲज इन अ मॉर्निंग सनराइज'. १९२८ सालच्या एका ऑपरेटामधलं सिग्मंड रोम्बर्गचं गाणं. नाटक मागे पडलं, गाणं जॅझवाल्यांनी उचललं, आपल्याकडे नाट्यपदं बैठकीत येऊन ख्यालासारखी गायली जातात तसं. त्याला म्हटलं, स्थायी धर. आठ बारची एक ओळ, तीच पुन्हा आठ बार, मग अंतऱ्यासारखे दुसरे आठ, की परत पहिली ओळ. बत्तीस बार, प्रत्येकात चार मात्रा. एकशे अठ्ठावीस मात्रांचं एक आवर्तन. आपल्या एकतालाच्या बारा. ठेका धरायला कुणी नाही, म्हणजे ही एकशे अठ्ठावीस मात्रांची विहीर दोघांनी आपापल्या डोक्यात धरून ठेवायची, आणि वरून हवं ते करायचं. एका फेरीला ते 'कोरस' म्हणतात. आपल्याकडच्या कोरसशी त्याचा काही संबंध नाही.

त्यानं डोळे मिटले आणि मोजायला लागला. पहिली फेरी चुकली. दुसऱ्या फेरीत मधले आठ बार त्याला सापडले, कारण तिथे सगळा काळोखी मायनर सोडून गाणं मेजरमध्ये उजळतं, खोलीत कुणी पडदा सारल्यासारखं. मग तो दबा धरून बसला. तिसऱ्या फेरीच्या तोंडाशी त्यानं मांडीवर असा हात मारला की चहाची बशी हलली. "आली!" क्लबातल्या कुणी त्या जागेवर टाळी दिली नव्हती. आमच्या दिवाणखान्यात मात्र एकट्यानं दिली.

"पण ठेका कोण देतंय?" थोड्या वेळानं त्यानं स्वतःच शोधून काढलं. "तो पियानोवालाच देतोय. डाव्या हातानं." बॅरनचा डावा हात म्हणजे एक वेगळा माणूसच आहे. कधी बाससारखा एकेका सुरावर पायी चालतो, कधी खालचा सूर आणि मधला कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले तीनचार सूर, अशा उड्या घेतो, आणि उजवा हात त्याला न विचारता निघून गेलेला असतो. भाच्याला इथून पुढे सॅक्सोफोन ऐकूच आला नाही. सगळं गाणं त्यानं पियानोच्या डाव्या हातासाठी ऐकलं.

काकांचं दुखणं नेमकं तिथेच होतं. "अगं, पेटीवाल्यानं किती पुढे यावं? बुवा अजून बोलतायत." त्यांच्या हिशेबी सॅक्सोफोन हे बुवा आणि पियानो ही साथ. पेटीनं बुवांच्या मागून अर्ध्या पावलावर यावं, जागा दिसली तर भरावी, बुवांनी पाहिलं तर हसावं. इथे पेटीवाला बुवांच्या वाक्याच्या मध्येच दुसरं वाक्य सुरू करत होता, आणि बुवा थांबून ते ऐकत होते.

त्यात काकांचं पेटीशी जुनं वैर. आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१च्या सुमारास सैल झाली. काका त्या बंदीबद्दल अजून हळहळतात, म्हणजे उठल्याबद्दल. मींड नाही, श्रुती नाहीत, बारा ठोकळे. पियानोही तसाच ठोकळ्यांचा, त्याचे स्वर जागचे हलत नाहीत. सॅक्सोफोन त्यांना त्या मानानं माणसातला वाटला. "हा ओढतो सुराला. गळा आहे त्याच्याकडे." गेट्झला जॅझवाले 'द साउंड' म्हणत, हे मी त्यांना सांगितलं. ते खूश झाले. आपण पारख केली आणि ती आधीच झालेली निघाली, की काका फार खूश होतात.

पण मग मूळ मुद्दा आला. एक लांब सूर सॅक्सोफोननं धरून ठेवला होता, आणि खाली बॅरननं दोनदा जमीन बदलली, म्हणजे कॉर्ड बदलले. सूर तोच. आधी तो घरी पोचल्यासारखा वाटला, मग परका, मग कळ यावी तसा. मला स्वतःला जॅझमधली ही गंमत सगळ्यात जास्त आवडते, सूर न हलता त्याचं नातं बदलतं. काकांनी डोळे उघडले.

"याचा षड्ज कुठला?"

"तो बदलतो, काका."

"षड्जच हलवला तर मग राहिलं काय?"

यावर मी मूर्च्छनांबद्दल, म्हणजे त्याच सुरांतला दुसरा एखादा षड्ज मानण्याबद्दल, काहीतरी बोलले. त्यांना ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर बोलता बोलता मलाही पटेनासं झालं. मूर्च्छनेत तुम्ही दुसऱ्या घरात राहायला जाता. इथे घराखालचा रस्ताच चालत असतो. तंबोरा कानात मुरलेल्या माणसानं हे ऐकून 'वा' म्हणायचं म्हणजे त्यानं आधी बसल्या जागेवरून उठायचं, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते का करावं? त्यांचं 'नाही' मला भाच्याच्या 'आली'इतकंच अस्सल वाटतं. त्यांनी खरोखर ऐकलं होतं, म्हणून तर खटकलं.

भाचा दुसऱ्याच गोष्टीवर नाराज होता. "मस्त आहे, पण जरा स्लो आहे ना?" त्याच्या पिढीला तबल्याची गती मोबाईलवर तीस सेकंदांत दिसते. म्हणून मग वाट वाकडी करून मी दुसरं एक लावलं, जोशुआ रेडमनचा सॅक्सोफोन आणि ब्रॅड मेलडाउचा पियानो. १९९४ साली रेडमनच्या चौकडीत दोघं होते, मग वाटा वेगळ्या झाल्या, आणि २०११ साली युरोपात फक्त दोघं वाजवत फिरले. त्यातलं निवडक 'नियरनेस' नावानं २०१६ साली आलं. त्यातलं 'ऑर्निथॉलॉजी' लावलं. चार्ली पार्कर या सॅक्सोफोनवाल्याच्या नावाची चीज, पण सांगाडा, म्हणजे खालचे कॉर्ड, 'हाउ हाय द मून' या १९४० सालच्या गाण्याचा. सांगाडा तोच ठेवून वर नवी चाल बसवायची ही पार्करच्या मंडळींची आवडती खोडी. दोघं पट्टीचे, आणि पट्टीचे असल्याचं लपवायची त्यांना गरज वाटत नाही. एकानं फेकलेला तुकडा दुसरा हवेतच झेलतो, उलटा करतो, परत फेकतो.

खोलीतली बाजू पाच मिनिटांत फिरली. भाचा खुर्चीच्या कडेला आला, "हे! हे असं पाहिजे!" काकांनी, जे मघाशी निदान गळ्यापुरते पाघळले होते, "सर्कस आहे" म्हणून निकाल दिला. आणि वहिनी म्हणाली, "दोघं एकदमच बोलतायत. ऐकतंय कोण?"

हा प्रश्न तिनं सहज विचारला, पण जाणकार मंडळी जॅझमधल्या कसबाबद्दल कितीतरी वर्षं हेच भांडतायत. १९५८ साली आयरा गिटलर नावाच्या समीक्षकानं जॉन कोल्ट्रेनच्या वेगाला 'आवाजाच्या चादरी' म्हटलं. सूर सुटे ऐकूच येईनात, ताग्यावरून कापड सुटावं तसे येत. कुणाला त्यात साक्षात्कार झाला, कुणाला नुसता रियाझ ऐकू आला. पुढच्याच वर्षी कोल्ट्रेननं 'जायंट स्टेप्स' वाजवलं. दर दोनचार मात्रांना जमीन सरकते आणि चाल भन्नाट. सॅक्सोफोन त्यावरून पाण्यासारखा जातो. मग पियानोची पाळी येते, टॉमी फ्लॅनगनची. तो सुरुवात करतो, ओळ तुटते, आणि थोड्या वेळानं तो ओळी सोडून नुसते कॉर्ड ठेवत जातो. मी भाच्याला तेही ऐकवलं. तो हसला, "अडखळला!" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही कानकोंडं झालं होतं. आता त्या ध्वनिमुद्रिकेतली मला सगळ्यात जवळची जागा तीच आहे, एक उत्तम पियानोवाला अनोळखी अंधारात हातानं भिंत चाचपतोय. फ्लॅनगननं १९८२ साली तीच चीज पुन्हा ध्वनिमुद्रित केली, बैजवार. ती निर्दोष आहे आणि मी ती क्वचित लावते. हा माझा दोष असेल.

काकांना एवढ्यात स्फुरण चढलं होतं. १९७८ साली मुंबईत पहिली जॅझ यात्रा झाली तेव्हा कुणाच्या तरी पासावर ते रंगभवनात गेले होते, आणि तिथे सनी रॉलिन्स हा सॅक्सोफोनवाला ऐकला होता. ही गोष्ट आम्ही चाळीस वेळा ऐकली आहे. पण त्यातलं एक वाक्य मला नेहमी आवडतं. रॉलिन्स वाजवत असताना आजूबाजूचे लोक मध्येच ओरडत, शीळ घालत, आणि काका म्हणतात, "मला बरं वाटलं. म्हटलं, इथंही दाद चालते." हाच रॉलिन्स साठच्या दशकाच्या अखेरीला पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता, हे त्यांना मी सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "तरीच दमसास."

दादेचं प्रकरण खरंच गमतीचं आहे. आपल्याकडे ती चालू गाण्यात पडते. समेवर मान हलते, हात वर जातो, 'क्या बात है' निसटतं, आणि गवई ते घेऊन पुढे जातो. पाश्चात्त्य सिंफनीत मधे टाळी वाजवली तर शेजारचा वळून पाहतो. जॅझनं मधला मार्ग काढला, एकाचं वाजवून झालं की त्याला टाळी, मग पुढचा. चौघंपाच जण असले की हे सोपं जातं. एक मागे सरतो, दुसरा पुढे येतो, दिसतंच. दोघंच असले की पंचाईत. खरं तर कुणाचंच संपत नाही. सॅक्सोफोन तोंडातून निघाला म्हणून संपलं म्हणायचं, तर पियानो त्याचंच शेवटचं वाक्य उचलून पुढे बोलत असतो. टाळ्या पडतात आणि पियानोच्या पहिल्या दोन ओळी त्यांच्याखाली बुडतात. इतकी वर्षं मी ही मुद्रिका ऐकते, पण ते माझ्या लक्षात आलं वहिनीच्या प्रश्नानंतर. तोवर मी त्या डेन्मार्कच्या लोकांच्या हातांनीच ऐकत होते. ते म्हणाले संपलं, की माझंही संपायचं.

मास्तर या सगळ्यात एक शब्दही बोलले नव्हते. 'ऑर्निथॉलॉजी'च्या वेळी त्यांची बोटं गुडघ्यावर चावी दाबल्यासारखी हलली, तेवढीच. मला वाटलं, कंटाळले असतील. सॅक्सोफोन म्हटलं की आपल्याकडे एकतर सिनेमातली ती पावसाळी रात्र, ज्यात बहुतेक वेळा मनोहारी सिंग वाजवत असायचे, नाहीतर वरात. या दोन्हींतलं इथे काहीच नव्हतं. शेवटचं एक लावते म्हटलं आणि 'फर्स्ट साँग' लावलं. चार्ली हेडन या बासवादकानं बायकोसाठी, रूथसाठी, बांधलेली संथ चीज.

ही मी राखून ठेवली होती, त्या न सांगितलेल्या गोष्टीसकट. गेट्झला यकृताचा कर्करोग होता. कोपनहेगनच्या त्या रात्रींनंतर बरोबर तीन महिन्यांनी, ६ जून १९९१ला, तो गेला. प्रत्येक तुकडा वाजवून झाला की त्याला अक्षरशः धाप लागायची, असं बॅरननं मुद्रिकेसोबतच्या मजकुरात लिहिलंय. मी सीड्या घेतल्या तेव्हा तो मजकूर वाचलाच नव्हता. तेव्हा माझ्यासाठी हे रात्री दिवा बारीक करून ऐकायचं संगीत होतं. वाचल्यानंतर मात्र मला प्रत्येक सुराच्या टोकाशी मरण ऐकू यायला लागलं. सूर जरा विरला की माझा गळा दाटायचा. आपण आता खोल ऐकतोय असंही वाटायचं, हे कबूल केलं पाहिजे.

चीज संपली. या खेपेला वहिनीनं टाळ्या वाजवल्या नाहीत. मी गोष्ट सांगणार, तेवढ्यात मास्तर खुर्चीतून पुढे वाकले.

"ताई, ह्यो गडी फुंक जपून खर्च करतोय."

मी थबकले. म्हटलं, म्हणजे?

"दम कमी हाय त्याच्याकडं. पर बगा, सूर तुटत न्हाई कुठं. आमी वरातीत काय करायचो? सुपारी घेतली की चार तास फुंकायचं. दम सरला की सूर तोडायचा आन् ढोलावर टाकायचं. ढोल झाकून घेतोय. ह्याच्याकडं ढोल न्हाई. म्हणून ह्यो तुटायच्या आदीच सोडतोय. तुटल्याला सूर येगळा, सोडल्याला येगळा." मग थोडं थांबून, "आन् त्यो पियानोवाला. ह्यानं सोडलं की धावून येत न्हाई. जागा तशीच ठिवतोय."

मी मग सांगितलं सगळं. आजार, तीन महिने, धाप. वहिनीचे डोळे भरले, भाचा गप्प झाला, काका "अरेरे" म्हणाले. मास्तर म्हणाले, "असंल." बस, एवढंच.

मला थोडा रागच आला. वीस वर्षं जपलेल्या दुःखाला कुणी 'असंल' म्हणावं! पण रात्री भांडी आवरताना त्यांचं बोलणं डोक्यात फिरत राहिलं. मला जिथे माणूस संपत चाललेला ऐकू येत होता, तिथे त्यांना हिशेब ऐकू आला, शिल्लक किती, खर्चायची कुठे, कुठली ओळ अर्धीच म्हणून ठेवायची. मी गोष्ट ऐकत होते. मास्तर सॅक्सोफोन ऐकत होते. आणि ज्या जागांवर मी इतकी वर्षं कळवळले, त्या बहुधा गेट्झच्या सगळ्यात हुशारीच्या जागा होत्या.

पण हे रात्रीचं. तिथे दिवाणखान्यात मास्तर अजून उठले नव्हते. त्यांची मुलगी दारात न्यायला आली, डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली होती. त्यांनी तिला हातानंच थांब म्हटलं.

"ताई, ते शेवटचं परत लावता का? टाळ्या व्हायच्या आत बंद करा फकस्त."

"का हो?"

"सूर थांबल्यावर हवा येती थोडी. तोंडातली पत्ती हलायची थांबती, तरी हवा येती. ती टाळ्यांत गेली."

मी परत लावलं. भाच्यानं पंखा बंद केला. काकांनी, न सांगता, कानात ते यंत्र नीट बसवलं. पहिल्या वेळी माझं बोट चुकलं आणि कोपनहेगनच्या टाळ्यांचा एक थेंब आत आलाच. मास्तर काही बोलले नाहीत. मी मागे नेलं, शेवटच्या ओळीवर आणलं, आणि बटणावर बोट ठेवून बसले.